सुकाणूला डोळे हवेत

२०१८ च्या डिसेंबरमध्ये कर्नाटकातील मलपे बंदरातून ‘सुवर्ण त्रिभुज’ नावाची मासेमारी नौका सात खलाशांसह समुद्रात गेली. पंधरा डिसेंबरच्या रात्रीनंतर तिचा संपर्क तुटला. त्यानंतर उडुपी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांतील त्या सात घरांनी जे दिवस काढले, त्यांची कल्पना समुद्रकाठच्या माणसाला वेगळी करून देण्याची गरज नाही. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या किनाऱ्यांवर शोध झाला. तटरक्षक दल, नौदल, पोलीस, मत्स्यव्यवसाय खाते अशा सर्वांनी आपापल्या परीने धावाधाव केली. अखेरीस २०१९ च्या मे महिन्याच्या आरंभी नौदलाला तिचे अवशेष सापडले, ते मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे ३३ किलोमीटर अंतरावर, समुद्राच्या तळाशी. अपघात कशाने झाला, यावर पुष्कळ वाद झाले. त्या वादात आम्ही शिरू इच्छीत नाही. परंतु एक गोष्ट वादातीत आहे. पृथ्वीभोवती उपग्रह फिरविणाऱ्या या देशात सात माणसांची एक नौका नेमकी कोठे आणि केव्हा नाहीशी झाली, हे कळावयास साडेचार महिने लागले. हा प्रश्न त्या एका नौकेचा नाही. आपल्या समुद्रावर वावरणाऱ्या प्रत्येक गलबताचा, मचव्याचा, ट्रॉलरचा आणि आगबोटीचा आहे.

नौका कर्नाटकाची, तळ महाराष्ट्राचा आणि वाट गोव्यासमोरून जाणारी, हा योगायोग सीमाभागातल्या वाचकाला विशेष बोचेल. जमिनीवरच्या सीमेचा आम्हाला फार जुना आणि कडू अनुभव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी माणसाने या प्रश्नासाठी काय सोसले, हे सांगावयास नको. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्यासंबंधीची आमची भूमिका वाचक जाणतातच. ती आज येथे मांडावयाची नाही. आज सांगावयाचे आहे ते इतकेच की समुद्रावर मैलाचे दगड नसतात. तेथे वादळ उठले की ते मलप्याच्या, वास्कोच्या आणि देवगडच्या नौकांत भेद करीत नाही. तेव्हा जमिनीवरील मतभेद जमिनीवर ठेवून, समुद्रावरील जीवितरक्षणापुरते तरी तिन्ही राज्यांनी एका फडावर काम केले पाहिजे, हे म्हणण्याचा अधिकार ज्याने सीमेचा चटका सोसला आहे त्यालाच अधिक आहे.

घाटमाथ्यावरच्या माणसाला या विषयाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर इतिहासच देतो. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले होते. डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात तेथे वखार घातली ती उगीच नव्हे. घाट उतरून बैलगाड्यांचे तांडे वेंगुर्ल्याला जात आणि मुंबईचा माल घेऊन वर येत. १८८० च्या दशकात कॅसलरॉकमार्गे लोहमार्ग झाला आणि मार्मागोवा हे या मुलखाचे दुसरे दार बनले. आजही निपाणीच्या तंबाखूच्या बाजारपेठेपासून बेळगावच्या ओतकामाच्या कारखान्यांपर्यंत ज्यांचा परमुलखाशी व्यवहार आहे, त्यांचे नशीब कोणत्या ना कोणत्या जहाजावर लादलेले असते. भारताच्या परदेशी व्यापारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. शिवाय या भागातील तरुण व्यापारी नौदलात नोकरीस जातात आणि सुटीच्या दिवशी अर्धे शहर मालवण, वेंगुर्ले, गोवा, कारवार येथे उतरते. २०१७ च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले, ती जखम अजून भरलेली नाही. त्या दुर्घटनेचा नौकानयनाशी संबंध नव्हता, हे खरे. पण समुद्र आपल्यापासून दूर आहे हा भ्रम तिने कायमचा दूर केला.

आता मूळ विषयाकडे वळू. जहाजाच्या सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाला क्षणोक्षणी चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात. मी कोठे आहे? पाण्याची खोली किती आहे? माझ्याभोवती कोण आहे? आणि ते कोणत्या दिशेने, किती वेगाने येत आहेत? पूर्वी यातील प्रत्येक उत्तर वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळे. होकायंत्र एका बाजूस, कागदी नकाशा दुसऱ्या टेबलावर, रडारचा पडदा तिसरीकडे, खोली मोजणारे यंत्र चौथीकडे. या सर्वांचा मेळ अधिकाऱ्याने मनातल्या मनात घालावयाचा, तोही रात्री, पावसात, डुलत्या जहाजावर आणि अपुऱ्या झोपेनंतर. एकात्म इलेक्ट्रॉनिक नौकानयन प्रणाली म्हणजे या विखुरलेल्या इंद्रियांना एका मेंदूशी जोडणे. उपग्रहाकडून मिळालेले स्थान, घूर्णी होकायंत्राची दिशा, वेगमापकाचा वेग, प्रतिध्वनीने मोजलेली खोली, रडारला दिसलेली जहाजे आणि त्या जहाजांनी स्वतः रेडिओवरून प्रसारित केलेली ओळख, हे सारे एकाच इलेक्ट्रॉनिक नकाशावर उमटते. पुढे खडक आहे, पाणी उथळ आहे, समोरचे जहाज आडवे येणार आहे, असे दिसताच यंत्र सूचना देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका यंत्राचे सांगणे दुसऱ्याशी जुळत नसेल तर तेही लक्षात आणून देते. या मांडणीतला खरा लाभ नव्या यंत्रांत नाही, या पडताळ्यात आहे.

जगाने ही वाट टप्प्याटप्प्याने आणि बहुधा ठेच लागल्यावर धरली. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले, म्हणून १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९५६ साली ‘आंद्रेया दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या दोन जहाजांवर रडार असूनही ती धुक्यात एकमेकांवर आदळली आणि ५१ माणसे मेली. रडार असणे आणि रडार वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कळले. या शतकाच्या आरंभी मोठ्या जहाजांना स्वतःची ओळख, स्थान व गती सतत प्रसारित करणारे यंत्र सक्तीचे झाले. २००८ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ‘ई-नेव्हिगेशन’चे धोरण स्वीकारले. जहाजावरील आणि किनाऱ्यावरील माहिती एकाच साच्यात गोळा करून ती दोन्हीकडे परस्परांना उपयोगी पडेल अशी मांडावी, हे त्याचे सार. २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या प्रवासी व मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रॉनिक नकाशा प्रणाली क्रमाक्रमाने बंधनकारक झाली. आता भरती-ओहोटी, प्रवाह आणि हवामान यांचे थर एकाच नकाशावर दाखविणारे नवे मानक आले असून, १ जानेवारी २०२९ पासून नव्याने बसविल्या जाणाऱ्या नकाशा प्रणालीला ते पाळावेच लागेल. म्हणजे मोठ्या जहाजांपुरता ‘हे स्वीकारावे की नाही’ हा प्रश्न उरलेला नाही. कसे स्वीकारावे, एवढाच उरला आहे.

आपल्या किनाऱ्याला मात्र हा धडा फार महाग पडला आहे. १९२७ साली ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकणच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, देश स्वतंत्र होण्यास महिना असताना, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ लाटेने उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारी अमावास्येसाठी गावी निघालेले चाकरमानी त्यात होते. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले तेव्हा कोठे मुंबईला बातमी कळली. कोकणातील कित्येक घरांत ‘रामदास’ हे नाव आजही आवाज उतरवूनच घेतले जाते.

त्यानंतर साठ वर्षांनी आपण यंत्रांनी गरीब राहिलो नव्हतो. तरीही ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी, दिवसाढवळ्या, ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले, मालाच्या पेट्या तरंगत सुटल्या, मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि रायगडच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या जाळ्यांत माशांऐवजी तेल आले. दोन्ही जहाजांवर रडार व रेडिओ असणे कायद्यानेच बंधनकारक होते. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै २०११ रोजी, खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेले ‘पवित’ नावाचे जहाज अरबी समुद्र ओलांडून, कोणाच्याही नजरेस न पडता, थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्याला डोळ्यांत तेल घालून पहारा आहे, असे आपल्याला सांगण्यात येत होते. त्या पहाऱ्यासमोरून एक आख्खे जहाज चालत आले! याचे कारण समजण्यासारखे आहे. ओळख प्रसारित करणारे यंत्र केवळ बोलणाऱ्या जहाजाचीच वार्ता देते. सोडून दिलेले जहाज मुके असते. मुक्याला पाहावयाचे तर किनाऱ्यावर रडार हवे, आणि रडारला दिसलेला ठिपका व रेडिओवर ऐकू आलेले नाव यांची सांगड घालणारी व्यवस्था हवी. त्यानंतरच्या काळात देशभर दीपगृहांवर ओळखसंकेत टिपणारी केंद्रे आणि किनारी रडारांची साखळी उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु साखळीची प्रत्येक कडी वेगळ्या खात्याच्या हातात असेल तर ती ऐन वेळी जुळत नाही, हेही अनुभवाने मान्य करावयास हवे.

मोठ्या जहाजांवर कायद्याचा आणि विमा कंपन्यांचा धाक असतो. लहान नौकांचे काय? २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ वादळ आले तेव्हा केरळ व तामिळनाडूचे असंख्य मच्छीमार खोल समुद्रात होते. वादळाचा इशारा निघाला. पण निघालेला इशारा आधीच समुद्रात गेलेल्या माणसापर्यंत पोहोचविण्याची वाट नव्हती. भ्रमणध्वनीची रेंज किनाऱ्यापासून काही मैलांवर संपते आणि साध्या बिनतारी संचालाही मर्यादा असते. त्या वादळातून वाट काढीत ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले. देवगडकरांनी भाषा, प्रांत न विचारता त्यांना अन्न-वस्त्र दिले, ही कोकणच्या माणुसकीची शोभा होय. परंतु जे पोहोचले नाहीत त्यांची संख्याही मोठी होती, आणि त्यातील अनेकांपर्यंत चार शब्दांचा संदेश पोहोचला असता तर ते परत फिरले असते.

त्या आपत्तीतून एक चांगले काम निघाले. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश नेणारे छोटे यंत्र तयार केले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर ते टप्प्याटप्प्याने बसवावयाचे आहे. रेंज नसलेल्या समुद्रातही या यंत्रावर वादळाचा इशारा येतो, आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आली की सूचना मिळते, माशांच्या थव्यांचा अंदाज कळतो आणि संकटात सापडलेल्या तांडेलाला एक कळ दाबून आपले स्थान किनाऱ्याला कळविता येते. मोठ्या जहाजावर जी एकात्म प्रणाली लाखो रुपयांची, तिचे हे गरिबाघरचे रूप आहे. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र यंत्र वाटले म्हणजे योजना पुरी झाली, ही सरकारी समजूत येथे तरी नको. खाऱ्या हवेत विजेची जोडणी गंजते, बॅटरी उतरते, अँटेना जाळ्यात अडकून मोडते. दुरुस्तीसाठी मालवणच्या नाखव्याला मुंबईची वाट पाहावी लागणार असेल, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर ते यंत्र खोपटात लटकेल.

येथवर यंत्राची बाजू मांडली. आता त्याच्या दुसऱ्या अंगाकडे पाहिले पाहिजे, कारण आंधळ्या विरोधाइतकाच आंधळा विश्वासही घातक असतो. १९९५ च्या जूनमध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज दीड हजारांवर माणसे घेऊन बर्म्युडाहून बॉस्टनला निघाले. त्यावर त्या काळची अद्ययावत एकात्म प्रणाली होती. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात उपग्रहसंकेत घेणाऱ्या अँटेनाची तार निसटली. यंत्राने मुकाट्याने अंदाजाने स्थान काढण्यास आरंभ केला; स्वयंचलित सुकाणूला त्याचा पत्ता नव्हता आणि पडद्यावरच्या बारीक अक्षरांतील खूण अधिकाऱ्यांच्या लक्षात आली नाही. सुमारे चौतीस तास जहाज चुकीच्या वाटेने चालले आणि ठरल्या मार्गापासून सतरा मैलांवर नँटकेटजवळच्या वाळूच्या दांड्यावर चढले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्या चौतीस तासांत कोणी खोली मोजणारे यंत्र नीट पाहिले असते, दुसऱ्या साधनाने एकदा स्थान ताडून पाहिले असते, तर तो प्रसंगच उद्भवला नसता.

२०१३ साली डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘ओव्हिट’ हे रसायनवाहू जहाज परिचित अशा वार्न उथळावर रुतले, ते इलेक्ट्रॉनिक नकाशा समोर असताना. आखलेला मार्गच त्या उथळावरून जात होता, धोक्याच्या खोलीची मर्यादा नीट बसविलेली नव्हती आणि धोक्याची घंटा वाजतच नव्हती. २०१७ साली सिंगापूरजवळ अमेरिकेच्या ‘जॉन मॅकेन’ या युद्धनौकेवर, एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे नियंत्रण देताना घोटाळा झाला. सुकाणूच निकामी झाले असे खलाशांना वाटले आणि नौका तेलवाहू जहाजाच्या वाटेत आली. दहा नाविक मेले. पुढे त्या बलाढ्य नौदलाने स्पर्शपडद्यांऐवजी हाताने ओढावयाचे जुने दांडे परत बसविण्याचे ठरविले. या तिन्ही घटनांत यंत्र नव्हते असे नाही. यंत्रावर नजर ठेवणारे प्रशिक्षित, सावध मन नव्हते, किंवा यंत्राची रचनाच त्या मनाला गोंधळात टाकणारी होती.

दुसरा धोका आकाशातून येणाऱ्या संकेताचा आहे. उपग्रहाचा संकेत इतका क्षीण असतो की जमिनीवरील सामर्थ्यवान यंत्राने तो झाकता येतो, किंवा खोटा संकेत देऊन जहाजाला भलतीकडे असल्याचे भासविता येते. २०२५ च्या जूनमध्ये पश्चिम आशियातील युद्धकाळात होर्मुझच्या परिसरात शेकडो जहाजांच्या पडद्यांवर असे गोंधळ उमटले. कोकणातील किती घरांचा चरितार्थ त्या आखातात फिरणाऱ्या जहाजांवर चालतो, हे येथील प्रत्येक टपालवाल्याला ठाऊक आहे. म्हणूनच परक्या देशाच्या एकाच उपग्रहमालिकेवर विसंबणे शहाणपणाचे नाही. भारताची स्वतःची ‘नाविक’ ही मालिका आहे, २०२० साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिला मान्यताही दिली. हे अभिमानास्पद आहे. परंतु तिच्या अनेक उपग्रहांवरील अणुघड्याळे बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला नवा उपग्रह अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही, हेही सत्य आहे. नाव ठेवले म्हणजे बारसे झाले. मूल चालते करण्याचे कष्ट त्यापुढचे असतात. ही मालिका पूर्ण व विश्वासार्ह करणे हा प्रतिष्ठेचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न समजून केंद्राने त्याकडे पाहावे. तोपर्यंत आणि त्यानंतरही साधे होकायंत्र, कागदी नकाशा आणि डोळे यांना रजा देता येणार नाही.

आणखी एक भान ठेवले पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये कारवारजवळच्या कूर्मगडावरील नृसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून सोळा भाविक बुडाले. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्या बोटीतही परवान्याहून अधिक प्रवासी होते. कोणताही इलेक्ट्रॉनिक नकाशा जास्तीचे प्रवासी उतरवीत नाही आणि कोणताही उपग्रह प्रवाशाच्या अंगात जीवरक्षक जाकीट घालीत नाही. बंदर निरीक्षकाने धक्क्यावर उभे राहून डोकी मोजावयाची असतात. ते काम न करता नव्या यंत्रांच्या उद्घाटनाची छायाचित्रे काढणे ही जनतेची फसवणूक होईल.

नव्या व्यवस्थेबद्दल मच्छीमारांच्या मनात जे संशय आहेत, त्यांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. माझी नौका कोठे जाते हे यंत्राने सर्वांना सांगितले, तर माझे मासे सापडण्याचे ठिकाण माझे राहील काय, असे तांडेल विचारतो. शेजारच्या राज्याच्या हद्दीत चुकून गेलो, तर हेच यंत्र साक्षीदार होऊन मला दंड करवील काय, असेही तो विचारतो. प्रश्न रास्त आहेत. मलप्याच्या वेगवान ट्रॉलरनी सिंधुदुर्गाच्या समुद्रात येऊन जाळी फाडल्याच्या तक्रारी मालवणचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. म्हणजे याच यंत्राची एकाला भीती वाटेल तर दुसऱ्याला त्यात न्यायाची आशा दिसेल. यावर मार्ग एकच. जीवितरक्षणासाठी लागणारी माहिती कोणाला, किती आणि केव्हा दिली जाईल, याचे नियम लेखी, स्पष्ट आणि मच्छीमार संस्थांच्या संमतीने ठरले पाहिजेत. पकडण्यासाठी बसविलेले यंत्र माणूस बंद करून ठेवतो. वाचविण्यासाठी बसविलेले यंत्र तो जिवापाड जपतो. दुसऱ्या बाजूने जहाजमालकांनाही बजावले पाहिजे की, यंत्र आले म्हणून पहाऱ्यावरची माणसे कमी करण्याचा मोह टाळा. थकलेल्या एका अधिकाऱ्यापुढे चार पडदे ठेवणे म्हणजे आधुनिकता नव्हे.

राहिला तांडेलाच्या परंपरागत ज्ञानाचा प्रश्न. पाण्याचा रंग, वाऱ्याची झुळूक, पक्ष्यांची दिशा, निवतीसमोरच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटेचा आवाज यांवरून वाट ओळखणारी पिढी अजून आपल्यात आहे. नव्या यंत्राचा तिच्याशी झगडा नाही. उलट पडद्यावरचा ठिपका खोटे बोलतो आहे, हे सर्वांआधी याच माणसांना उमगेल. त्यांना वगळून नव्हे, त्यांना गुरू करून नव्या तांडेलांचे शिक्षण झाले पाहिजे. दक्षिण कोरियाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. २०१४ साली ‘सेवोल’ बोट बुडून ३०४ माणसे, बहुतांशी शाळकरी मुले, गेली. त्या देशाने त्यानंतर २०२१ पासून किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरपर्यंत वेगळे दूरसंचारजाळे उभारून लहान मासेमारी नौकांनाही ई-नेव्हिगेशनची सेवा सुरू केली. मोठ्या जहाजांसाठीच्या योजनेत लहान नौकांना प्रथम जागा देण्याचा हा विचार आपण घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे मरतो तो बहुधा लहान नौकेतलाच माणूस.

यासाठी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. पहिले, कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांनी तटरक्षक दलाच्या सहाय्याने एकच सामायिक माहितीफलक चालवावा. मलप्याची नौका गप्प झाली, तर मालवणला आणि वास्कोला त्याच तासात कळले पाहिजे, पत्रव्यवहाराने नव्हे. दुसरे, इशारे मराठी, कोकणी व कन्नड या भाषांत आणि नाखव्याला समजतील अशा शब्दांत यावेत. हवामान खात्याचे इंग्रजी परिपत्रक वाचण्यास वादळ थांबत नाही. तिसरे, मालवण-सिंधुदुर्ग किल्ला, गेट वे-घारापुरी, मांडवी-जुवारीच्या फेऱ्या अशा प्रवासी वाहतुकीवरील प्रत्येक लाँचला साधा नकाशापट, ओळखयंत्र आणि संकटसंदेशाची कळ सक्तीची करावी, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती तपासावी. चौथे, प्रत्येक तालुक्याच्या बंदरात दुरुस्तीचे केंद्र असावे. २०२५ साली संसदेने १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा केला आहे. त्याखालील नियम करताना या गोष्टींना स्थान देणे अवघड नाही.

यात बेळगावचा वाटा काय, असे विचाराल तर तो मोठा आहे. भारताचे सागरी नकाशे बनविणारे नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. ‘नाविक’ उपग्रहांवर लक्ष ठेवणारे केंद्र बंगळुरूजवळ ब्यालाळू येथे आहे. समुद्राची सेवा करण्यास समुद्रकाठीच राहावे लागते असे नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय या शहरात आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. ओतकाम, हायड्रॉलिक यंत्रे आणि विमानाचे सुटे भाग घडविणारे कुशल हात आहेत. खाऱ्या हवेत टिकणारी पेटी, स्वस्त आणि दुरुस्त करता येईल असा संच, मराठी व कन्नड अक्षरे दाखविणारा पडदा हे विषय येथील विद्यार्थ्यांनी प्रबंधापुरते न घेता वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर बसून घ्यावेत. एके काळी या गावाचा माल घाट उतरून बंदरावर जाई. आता येथली विद्या त्या वाटेने उतरू द्या.

समुद्राला आपण दर नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करतो. ती श्रद्धा आहे आणि ती राहील. परंतु नारळ वाहिल्यावर जो तांडेल नौका पाण्यात लोटतो, त्याच्या घरची माणसे किनाऱ्यावर उभी राहून परतीची वाट पाहतात. ‘सुवर्ण त्रिभुज’च्या सात घरांनी ती वाट साडेचार महिने पाहिली. यापुढे कोणत्याही घराला आपला माणूस समुद्रात कोठे आहे हे कळण्यासाठी इतके दिवस लागू नयेत, एवढी साधी मागणी आम्ही तिन्ही राज्यांच्या सरकारांपुढे आणि केंद्रापुढे ठेवीत आहोत. उपग्रह आकाशात आहेत, यंत्रे तयार आहेत, पैसा मंजूर झालेला आहे. पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आत या किनाऱ्यावरील किती नौकांवर ही यंत्रे चालू स्थितीत आहेत, याचा हिशेब प्रत्येक बंदरावर जाहीर फलकावर लावावा. मच्छीमार तो वाचतील, आम्हीही वाचू.